बोधनकरांचा मायोर्कातला व्हिला

ॲन आर्बरला नव्याने येणारा मराठी माणूस डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरला की त्याला घ्यायला चारुदत्त बोधनकर उभा असायचा. हातात नावाची पाटी नसायची. तशी गरजही नव्हती, कारण इतका दमलेला मराठी चेहरा त्या विमानतळावर दुसरा नसायचा. येणाऱ्याला वाटायचं, वीस तासांचा प्रवास करून हाच आलाय की काय.

विमानतळ ही नुसती सुरुवात. पुढे त्या माणसाची गादी चारुदत्तच्या गाडीच्या टपावरून यायची, ड्रायव्हिंगची परीक्षा चारुदत्तच्या गाडीत व्हायची आणि टॅक्सचा फॉर्म चारुदत्तच्या डायनिंग टेबलावर भरला जायचा. गणपतीचं मखर त्याच्या तळघरात, मंडळाची शंभर ताटं त्याच्या गराजमध्ये. कुणाची आई सहा महिन्यांसाठी आली आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तर पहिला फोन बोधनकरांकडे. डॉक्टरकडे दुसरा.

त्याला नाही म्हणता येत नसे. नाही म्हणायची वेळ आली की घशातून ‘बघतो’ असा आवाज निघायचा, आणि ‘बघतो’ म्हणजे हो, हे साऱ्या गावाला पाठ झालं होतं. पोटापाण्यासाठी तो मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचा. प्रतिमा, त्याची बायको, म्हणायची, “साऱ्या अमेरिकेच्या गाड्या थांबवतो, आणि घरी आला की धावत सुटतो.” दोघं नागपूरच्या कॉलेजात एका वर्गात होती, त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्न कधी आला नाही. टोमणे मात्र तेव्हापासून चालू होते.

२००६ च्या जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, प्रतिमाने कॉम्प्युटरवरून एक पान छापून फ्रिजवर लावलं. स्पेनच्या मायोर्का बेटावरचं एक दगडी घर. निळी दारं, एक लिंबाचं झाड, त्याखाली दोन खुर्च्या आणि खाली समुद्र.

“हे काय?” चारुदत्तने विचारलं.

“जूनमध्ये लग्नाला पंधरा वर्षं होतात.”

“हो, पण स्पेन?”

“राधिका त्याच आठवड्यात म्युझिक कॅम्पला जाणार. आठ दिवस.” राधिका त्यांची मुलगी. प्रतिमाने चुंबक नीट दाबला. “मला समुद्राचं काही नाही रे. आपण उमरेडची माणसं, आपल्याला तलाव पुरतो. मला फक्त आठ दिवस असे पाहिजेत की तुला कुणी हाक मारणार नाही. इथं असलास तर ते शक्य नाही. म्हणून समुद्रापलीकडे.”

चारुदत्त पुष्कळ वेळ त्या दोन खुर्च्यांकडे पाहत राहिला. अमेरिकेत आल्यापासूनच्या सात वर्षांत त्याने सलग तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी घेतली नव्हती. खुर्चीत नुसतं बसलेला माणूस कसा दिसतो, हे आठवायला त्याला कष्ट पडले.

“बघतो,” तो म्हणाला. या एका वेळी त्याला खरंच हो म्हणायचं होतं.

घर दोन माणसांचं होतं. ते दोन माणसांचंच राहिलं असतं, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला श्रीरंग आला. श्रीरंग पुण्याचा, चारुदत्तच्याच मजल्यावर कामाला, आणि दुसऱ्यांच्या फ्रिजवरचं वाचायची त्याला सवय होती.

“मायोर्का? अरे यार, सांगायचं नाही का. उल्का, हे बघ, चारू आपल्याला न सांगता युरोप करतोय.”

श्रीरंगच्या बायकोला, उल्काला, ते घर फार आवडलं. “आपण शेअर केलं तर केवढं मोठं घेता येईल,” ती म्हणाली. “स्विमिंग पूलवालं.”

प्रतिमा हातातला तिळगुळाचा डबा घेऊन तशीच उभी राहिली. सगळ्यांनी चारुदत्तकडे पाहिलं. चारुदत्तच्या घशातून तो आवाज निघाला.

फेब्रुवारीत सहलीत राजारामकाका आणि शोभाकाकू आले. काका पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, मंडळाचे पहिले अध्यक्ष, निवृत्त. त्यांच्याशिवाय कुठली सहल निघणं म्हणजे देवाशिवाय मखर. मग आणखी दोन कुटुंबं, त्यांची मुलं. मार्चपर्यंत माणसं चौदा झाली, आणि लिंबाच्या झाडाचं घर जाऊन सहा बेडरूम, दोन गच्च्या आणि एक पोहायचा तलाव असलेला राजेशाही व्हिला आला. फ्रिजवर आता त्याचं पान होतं. त्यात खुर्च्या चौदा होत्या, एका रांगेत, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मांडतात तशा.

व्हिलाची देखभाल बघणाऱ्या बाईंचं नाव मार्गारिता. त्यांना लिहायचं काम अर्थातच चारुदत्तकडे. सुरुवातीची पत्रं साधी होती. मग आपल्या मंडळींच्या शंका सुरू झाल्या. शोभाकाकूंना जाणून घ्यायचं होतं की स्वयंपाकघरात सकाळची पूजा केली, निरांजन लावलं, तर धुराचा भोंगा वाजेल का. उल्काला ओट्याची उंची हवी होती, पोळ्या लाटायला. कुणाला तळण चालेल का ते विचारायचं होतं, कुणाला फ्रिजमध्ये एक कप्पा शाकाहारी हवा होता. चारुदत्त ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने हे सगळं इंग्रजीत बसवायचा.

मार्गारिताबाईंनी नियमांचा कागद पाठवला. त्यात होतं की दुपारी दोन ते पाच शेजारी झोपतात, तेव्हा आवाज करू नये. यावर बैठक बसली.

“कुकर?” शोभाकाकूंनी विचारलं.

“सगळ्यात आधी ते विचार,” राजारामकाका म्हणाले. “नंतर भानगड नको.”

चारुदत्तने विचारलं. आम्ही एक भांडं बरोबर आणणार आहोत, ते शिट्टी वाजवतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, किती वेळा?

त्याने ऑफिसातून घरी फोन केला. “प्रतिमा, तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या?”

“तीन. का?”

“स्पेनमध्ये विचारताहेत.”

“आणि भाताला दोन, तेही कळव,” प्रतिमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अशा रीतीने एप्रिलपर्यंत चारुदत्तला ते घर तोंडपाठ झालं. गॅस सिलिंडरवर चालतो आणि नारिंगी सिलिंडर मागच्या भिंतीपाशी बोगनवेलीआड असतो, फ्यूज बॉक्स जिन्याखाली झाडूमागे, तळ्याच्या पंपाचं बटण दोनदा दाबावं लागतं. खोल्यांचं वाटपही त्यानेच केलं. समुद्राकडच्या तीन खोल्यांवर पाच दावे होते. दोन आठवड्यांनी सगळ्यांचं समाधान झालं, तेव्हा बोधनकरांच्या वाट्याला कपडे धुण्याच्या मशिनला लागून असलेली खोली उरली होती.

“खिडकी आहे का तिला?” प्रतिमाने विचारलं.

“आहे. दोरीकडे उघडते.”

“कसल्या दोरीकडे?”

“कपडे वाळत घालायच्या.”

प्रतिमा हसली, पण पुरती नाही. त्या रविवारी तिने दुकानातून गवताची एक रुंद काठाची हॅट आणली, आरशात पाहिली आणि डब्यात ठेवली. “तू तिथंही धावणार,” ती म्हणाली, “निदान माझ्या डोक्यावर सावली असू दे.”

“तिथं गेल्यावर नाही,” चारुदत्त म्हणाला. “इथलं सगळं इथंच करून टाकतो, म्हणजे तिथं काही उरणार नाही.” तो हे मनापासून बोलत होता. म्हणूनच तिला त्याची कीव आली.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवाल्यांना स्पेनचा व्हिसा हवा आणि त्यासाठी शिकागोला जायचं. चारुदत्तने कॉम्प्युटरवर तक्ता केला. प्रत्येकाच्या नावापुढे फोटो, विमा, बँकेचं पत्र, पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा. ज्याचा त्याचा पासपोर्ट स्वतःच्या हातात घेऊन, पान उलटून, तारीख बघून मगच तो खूण करायचा. श्रीरंगचा पासपोर्ट त्याने तीनदा पाहिला, कारण श्रीरंगवर त्याचा विश्वास नव्हता. श्रीरंग नाताळात पुण्याला जाऊन अमेरिकेच्या व्हिसाचा नवा शिक्का घेऊन आला होता. त्याचं चोख होतं.

सगळ्यात वरच्या ओळीत बोधनकर होते. त्यांच्यापुढच्या खुणा चारुदत्तने तक्ता करता करताच करून टाकल्या होत्या. नमुन्यादाखल.

एप्रिलच्या एका गुरुवारी पहाटे चौघं शिकागोला निघाले. गाडी चारुदत्तची, चालवणारा चारुदत्त. श्रीरंग शेजारी बसून झोपला. उल्का मागे प्रतिमाला सांगत होती की तिथं रोज कोण काय रांधणार याचाही तक्ता चारूदादांनी करावा.

स्पेनच्या कॉन्सुलेटात श्रीरंग-उल्काचं दहा मिनिटांत झालं. मग चारुदत्तने आपली फाईल खिडकीतून सरकवली. फाईल अशी होती की आतल्या बाईंनी मान डोलावली. रंगीत पट्ट्या, क्रमांक, सगळं. त्या एकेक कागद उलटत गेल्या, पासपोर्टापाशी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

“हा अमेरिकेचा व्हिसा दोन हजार दोनमध्ये संपलाय,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

“मुदतवाढ झाली आहे,” चारुदत्त म्हणाला. “मंजुरीचा कागद शेवटी आहे. हिरवी पट्टी.”

“तो कागद तुम्हाला इथं राहू देतो. बाहेर गेल्यावर आत यायला पासपोर्टात नवा शिक्का लागतो. मी तुम्हाला पाठवीन, पण तुम्ही परत कसे येणार?” त्यांचा स्वर चांगला होता. शाळेतल्या बाई हुशार मुलाला गणित चुकल्यावर विचारतात तसा.

चारुदत्तला हे माहीत होतं. नव्याने आलेल्या निदान चाळीस जणांना त्यानेच हे समजावून सांगितलं होतं, त्याच डायनिंग टेबलावर. इथं राहायचा कागद वेगळा, दारातून आत यायचा शिक्का वेगळा. पण जो दाराबाहेर गेलाच नाही त्याला शिक्का आठवणार कधी? वडील गेले तेव्हाही तो निघू शकला नव्हता, नोकऱ्या जात होत्या तेव्हा. पूर्वी पासपोर्ट टपालाने पाठवला की इथल्या इथं शिक्का मिळायचा. ती सोय बंद होणार असं कळलं, तेव्हा त्याने मंडळातल्या सगळ्यांचे पासपोर्ट घाईघाईने फॉर्म भरून पाठवले होते. सगळ्यांचे.

प्रतिमाच्या पासपोर्टातही तेच. नवऱ्याच्या व्हिसावरच तिचा.

शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, जेवायला गेले तेव्हा श्रीरंग फारच हळहळला. “पण हे तुझं कसं झालं, यार? तुझं?”

“राहिलं,” चारुदत्त म्हणाला.

“असं कर. मायोर्काला ये, तिथून थेट मुंबईला जा, शिक्का घे आणि परत ये.”

“आणि तिथं महिना लागला तर? ऑफिसात सांगू काय? नोकरी गेली तर शिक्का कशावर मारणार?”

“टोरांटो? तिथल्या अमेरिकन कॉन्सुलेटात?”

“त्यांच्याकडे ऑगस्टच्या आधी तारीख नाही. मागच्या महिन्यात देसायांसाठी बघितलं होतं.”

श्रीरंगने नान तोडला. मग तो म्हणाला, “तू नसलास तर मजाच नाही रे.” उल्कानेही मान हलवली. प्रतिमा खिडकीतून बाहेर साड्यांच्या दुकानाकडे बघत होती. तिथल्या पुतळ्याला जांभळा शालू नेसवला होता आणि त्याचा एक हात नव्हता.

“पण,” थोड्या वेळाने श्रीरंग म्हणाला, “मार्गारिताबाईंशी बोलणं तूच ठेवशील ना? तिला तुझी सवय झालीये.”

चारुदत्तने प्रतिमाकडे पाहिलं नाही. “बघतो,” तो म्हणाला.

घरी आल्यावर प्रतिमाने फ्रिजवरचं पान काढलं नाही. फाडलंही नाही. त्याने माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “मी चिडलेली नाही, चारू. तू सगळ्यांचे पासपोर्ट बघितलेस आणि आपला बघायचा राहिला. यात चिडण्यासारखं नवीन काय आहे?” हे ऐकून तो जिन्यावर बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. नाडी पहिल्या झटक्यातच सुटली होती.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत सहल रद्द करायचा विषय निघाला, म्हणजे राजारामकाकांनी काढला. “चारुदत्तशिवाय जायचं म्हणजे…” ते म्हणाले आणि सगळ्यांनी तीनेक मिनिटं वाईट वाटून घेतलं. मग शोभाकाकूंनी चहा आणला. मशिनशेजारची खोली श्रीरंगच्या मुलाला मिळाली.

जूनमध्ये चारुदत्तने बारा माणसांना दोन फेऱ्यांत विमानतळावर सोडलं. शोभाकाकूंचा कुकर त्याने स्वतः कपड्यांत गुंडाळून श्रीरंगच्या बॅगेत ठेवला. त्याच दिवशी राधिका कॅम्पच्या बसमध्ये चढली. “बाय बाबा, डोन्ट वर्क टू मच,” ती म्हणाली. घेतलेली सुट्टी त्याने रद्द केली नव्हती. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला. तिकडे दुपारचे बारा.

“चारू, गॅस पेटत नाही,” श्रीरंग.

“सिलिंडर संपला असेल. मागच्या भिंतीपाशी जा. बोगनवेल आहे ना? तिच्या आड दुसरा भरलेला आहे. नारिंगी.”

“मिळाला. बदलायचा कसा?”

“पुण्यात जन्म गेला तुझा. सिलिंडर बदलला नाहीस?”

“बाबा बदलायचे.”

चारुदत्तने पाऊण तास उभं राहून चार हजार मैलांवरचा सिलिंडर बदलला. आठ वाजता उल्काचा फोन आला, तळ्याचा पंप. तो म्हणाला, दोनदा दाबा. मंगळवारी कुणीतरी समोरच्या झोपाळू शेजाऱ्यांचा निरोप सांगितला, आज शिट्ट्या चार झाल्या. चारुदत्तने मार्गारिताबाईंना दिलगिरीचं पत्र लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, तुम्ही स्वतः कुठल्या खोलीत आहात, अजून भेट झाली नाही. यावर त्याने काही लिहिलं नाही.

त्या घरात त्याने पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यातलं एकही बटण त्याच्यावाचून दाबलं जात नव्हतं. बुधवारी सकाळी दात घासताना हे त्याच्या मनात आलं आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

बुधवारीच अकराच्या सुमारास प्रतिमाने गराजमधून दोन घडीच्या खुर्च्या आणल्या आणि मागच्या गॅलरीत मांडल्या. समोर सोसायटीचं पार्किंग, त्यापलीकडे पाणी साठवायचा एक डबकावजा तलाव, त्यात कॅनडाची बदकं. तिने डब्यातली हॅट काढली, घातली आणि बसली. त्याला बोलावलं नाही. त्यालाच ते दिसलं आणि तो येऊन शेजारच्या खुर्चीत बसला.

ऊन चांगलं होतं. बदकं ओरडत होती. एक बाई गाडीतून सामान काढत होती, आणि तिला मदत करावी का, हा विचार चारुदत्तच्या गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

“तलाव बरा आहे,” थोड्या वेळाने तो म्हणाला.

“उमरेडचा मोठा आहे.”

“तो तर आहेच.”

आत फोन वाजायला लागला. प्रतिमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बदकांकडे बघत होती, आणि तिचे खांदे किंचित वर गेले होते, कुणी दार आपटणार हे आधीच कळल्यासारखे. चारुदत्तने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. चार घंटा. पाच. उठायचं नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. त्याला उठवतच नव्हतं. पायांत, पाठीत, मानेत सात वर्षांच्या गाद्या आणि ट्रंका येऊन बसल्या होत्या आणि त्या कुणी काढून घेतल्याशिवाय तो हलणार नव्हता.

आन्सरिंग मशिनमधून त्याचाच आवाज आला, आम्ही आत्ता घरी नाही, निरोप ठेवा. मग श्रीरंग. “चारू? अरे, लाइट गेले सगळे. इस्त्री लावली होती. फ्यूज बॉक्स कुठंय यार? चारू, आहेस का?”

“जिन्याखाली,” चारुदत्त हळूच म्हणाला. “झाडूमागे.”

“मला माहितीये,” प्रतिमा म्हणाली. “इतकी मोठी माणसं आहेत, शोधतील.”

श्रीरंग आणखी थोडं बोलला, मागे शोभाकाकूंचा आवाज आला, मग फोन बंद झाला. मिनिटाभराने पुन्हा वाजला. चारुदत्तचे तळवे एव्हाना मांडीवर आले होते, ते या वेळी तिथंच राहिले. प्रतिमाचे खांदे हळूहळू खाली आले. तिने डोक्यावरची हॅट काढली आणि ऊन त्याच्या बाजूला सरकलं होतं म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याला ती लहान होत होती.

आत स्वयंपाकघरात डाळीच्या कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

“किती झाल्या?” त्याने विचारलं.

“दोन,” प्रतिमा म्हणाली. “बस तू.”